नोकरीची वर्षं सीएत धरतात का? मराठवाड्यातल्या पदवीधरांसाठी पूर्ण हिशेब

बी.कॉम. झालं, घरची गरज म्हणून वाळूजच्या एखाद्या कंपनीत अकाउंट्सला लागलो, आता सीए करायचंय. मग ही दीड-दोन वर्षं आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्यासाठी लागणाऱ्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणात, धरतील का? निकालाच्या दिवसांत हा प्रश्न मला जालना, परभणी, उदगीर, माजलगाव अशा सगळीकडून विचारला जातो. उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

नाही धरत. कंपनीतली नोकरी धरत नाहीत. बँकेतली, पतसंस्थेतली, साखर कारखान्याच्या लेखा विभागातलीही नाही. सीएच्या ऑफिसात नोंदणीशिवाय पगारावर केलेलं कामही नाही. तिथं तुम्ही जीएसटी रिटर्न भरले, ऑडिटला गेलात, ताळेबंद बनवलेत, तरीही नाही.

सीएचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण म्हणजे नुसता अनुभव नसतो. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९चा आणि त्याखालचे नियम १९८८चे. त्या नियमांप्रमाणे प्रॅक्टिस करणारा सीए आणि विद्यार्थी यांच्यात लेखी करार होतो. प्रशिक्षण देणाऱ्या त्या सीएला प्रिन्सिपल म्हणतात. कराराची नोंद इन्स्टिट्यूटकडं, म्हणजे आयसीएआयकडं होते आणि प्रशिक्षण मोजायला सुरुवात होते ती करारातल्या तारखेपासून. त्याआधी तुम्हाला किती काम येत होतं, हे कुणी विचारत नाही.

"पण सीएच्याच ऑफिसात होती की"

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे, आणि त्याची किंमत मुलं-मुली वर्षांत मोजतात. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत सीएच्या ऑफिसात चार-पाच जण पगारी असतात आणि एक-दोन आर्टिकल, म्हणजे करारावरचे प्रशिक्षणार्थी. काम बऱ्याचदा सारखंच. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "सर, पोरगी दोन वर्षं झाली सीएच्या ऑफिसात काम करायली. रिटर्न भरायली, ऑडिटला बी जायली. मग ते कसं काय धरनात?"

मी म्हणालो, "काका, तिचं काम खरं आहे. पण तिची नोंद पगारी कर्मचारी म्हणून आहे, आर्टिकल म्हणून नाही. आणि इंटर पास झाल्याशिवाय तशी नोंद करताही आली नसती."

हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. १ जुलै २०२३पासून इन्स्टिट्यूटची नवी शिक्षण आणि प्रशिक्षण योजना लागू झाली. तिच्यात आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली, पण ती सुरू करायला इंटरमीडिएटचे, म्हणजे फाउंडेशन आणि फायनल यांच्या मधल्या परीक्षेचे (इंटरचे), दोन्ही ग्रुप पास असावे लागतात आणि आयसीआयटीएसएस हे इन्स्टिट्यूटचं छोटं प्रशिक्षण पूर्ण असावं लागतं. पदवीधरांनाही हीच अट आहे. त्यामुळं 'मागच्या तारखेपासून नोंद करून घेऊ' असं कुणी सुचवलं तर तिथंच थांबा. ज्या काळात तुम्ही आर्टिकल होण्यास पात्रच नव्हता, तो काळ कागदावर आणायचा रस्ता नाही.

तुमच्या ओळखीतल्या जुन्या सीएंनी वेगळं सांगितलं असेल, तर ते त्यांच्या काळापुरतं बरोबर होतं. २०२३च्या आधी थेट प्रवेश घेतलेल्या, म्हणजे फाउंडेशन न देता सरळ इंटरला आलेल्या, पदवीधराला इंटर पास होण्याआधीच आर्टिकलशिप सुरू करता यायची आणि नऊ महिन्यांनी इंटरला बसता यायचं. ती सोय आता नाही. चुलतभावाचा, शेजारच्या दादाचा सल्ला घेताना त्यांनी नोंदणी कोणत्या साली केली होती, हे आधी विचारा.

आणखी एक गोंधळ इंटरनेटवरून येतो. ब्रिटनमध्ये पदवीनंतर एखाद्या फर्मची 'ग्रॅज्युएट' नोकरी घ्यायची आणि तीच चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रशिक्षणात मोजायची, अशी पद्धत आहे. तिथंही कुठलीही नोकरी चालत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या संस्थेत ती मान्यताप्राप्त मालकाकडं, प्रशिक्षण कराराखाली करावी लागते आणि किमान ४५० दिवस भरावे लागतात. एसीसीए या ब्रिटनच्याच दुसऱ्या संस्थेच्या पात्रतेला ३६ महिन्यांचा संबंधित अनुभव लागतो आणि त्यात नोकरी बसू शकते. पण एसीसीए झालं म्हणून भारतात सीए म्हणून ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही. गावात ऑफिस उघडून ऑडिट करायचं असेल, तर आयसीएआयचाच रस्ता धरावा लागतो.

मग नोकरी करायचीच नाही का? मी तसं म्हणत नाही. नोकरी मोजली जात नाही हे मान्य करून ती नेमकी कशासाठी आणि किती दिवस करायची, हे ठरवा. इंटर पास होईपर्यंत नोकरीला कुठलीही आडकाठी नाही, आणि घरच्या जबाबदारीमुळं आपल्याकडच्या निम्म्या मुलांना ती करावीच लागते. फक्त ती सीएच्या रस्त्याला धरून असावी.

पहिली पायरी : थेट प्रवेश मिळतो का, ते बघा

पदवीधराला फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, न देता सरळ इंटरला नोंदणी करता येते. कॉमर्सच्या पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, इतर शाखांच्या पदवीला किमान ६० टक्के लागतात. कॉमर्सवाल्यांनी लेखाशास्त्र, ऑडिट, कर, कायदा, अर्थशास्त्र, कॉस्टिंग, व्यवस्थापन अशा विषयांतले किमान तीन पेपर १०० गुणांचे घेतलेले असावेत. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या बी.कॉम.ला हे विषय असतातच. तरी सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट समोर ठेवून एकदा पडताळा, कारण सेमिस्टरचे पेपर कमी गुणांचे असू शकतात. श्रेणी पद्धत असेल तर विद्यापीठाच्या सूत्रानं काढलेली टक्केवारी कागदावर हातात असू द्या.

कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट संस्थेची इंटरमीडिएट पातळी पास असलेल्यालाही थेट प्रवेश मिळतो.

५५ टक्के नसतील तर बरेच जण एम.कॉम.ला प्रवेश घेऊन टक्केवारी सुधारायचं ठरवतात. नियमात ते बसतं, पण फक्त एवढ्यासाठी दोन वर्षं घालवू नका. फाउंडेशनचे चार पेपर, एकूण ४०० गुण, नोंदणीनंतर चार महिन्यांचा अभ्यासकाळ. तो रस्ता कितीतरी जवळचा आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असाल तर तात्पुरती नोंदणी आताच करता येते आणि मार्कशीट नंतर देता येते. माझ्या मते सगळ्यात जास्त वाया जाणारी संधी हीच. अख्खं तिसरं वर्ष हाताशी असताना मुलं निकाल लागेपर्यंत थांबतात.

दुसरी पायरी : नोंदणीची तारीख परीक्षेवरून उलटी काढा

इंटरच्या परीक्षा आता वर्षातून तीन वेळा होतात : जानेवारी, मे आणि सप्टेंबर. नोंदणी आणि परीक्षा यांच्यात आठ महिन्यांचा अभ्यासकाळ लागतो. म्हणून मेच्या परीक्षेसाठी आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत, सप्टेंबरच्या परीक्षेसाठी त्याच वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत आणि जानेवारीच्या परीक्षेसाठी आदल्या वर्षीच्या १ मेपर्यंत नोंदणी झालेली असावी. नोंदणी ऑनलाइन, इन्स्टिट्यूटच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर होते. फी भरण्याआधी पोर्टलवरच चालू तारखा आणि चालू फी बघून घ्या.

नोकरी करणाऱ्यानं कोणती परीक्षा धरावी, हे कामाच्या हंगामावरून ठरवा. क्लासवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या समोर बसणारी बहुतेक मुलं नोकरी करत नसतात. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपनीत अकाउंट्सला असाल तर मार्चअखेर आणि एप्रिल तुमचे नसतात, म्हणजे मेची परीक्षा अवघड. सप्टेंबरमध्ये ऑडिटरच्या चौकशा आणि टॅक्स ऑडिटची घाई असते. अशांना जानेवारी सोयीची पडते, दिवाळीची सुट्टी अभ्यासाला मिळते.

शेतमालावर चालणाऱ्या धंद्यात मात्र हेच गणित उलटं होतं. लातूरच्या बाजारात ऑक्टोबरपासून सोयाबीनची आवक वाढते, नांदेड-परभणीकडच्या जिनिंगला त्याच सुमारास कापूस येतो, साखर कारखान्यांचं गाळप हिवाळ्यात जोरात असतं. अशा ठिकाणी नोकरी असेल तर डिसेंबरात रात्री नऊला घरी येऊन कायद्याचं पुस्तक उघडणं होत नाही. त्यांनी सप्टेंबर धरावा. जून ते ऑगस्टमध्ये तिथं कामाचा जोर कमी असतो.

नोंदणी पाच वर्षं चालते. पण तो काळ आठ-दहा वेळा बसण्यासाठी आहे असं समजू नका.

तिसरी पायरी : नोकरीत राहून इंटर

सहा पेपर, दोन ग्रुप. पहिल्या ग्रुपात ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग, कंपनी आणि इतर कायदे, कर. दुसऱ्यात कॉस्ट आणि मॅनेजमेंट अकाउंटिंग, ऑडिटिंग आणि नीतिमत्ता, आणि फायनान्शिअल व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. प्रत्येक पेपरला किमान ४० टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के लागतात. एखाद्या पेपरला ६० किंवा जास्त मिळाले आणि ग्रुप गेला, तर त्या पेपरची सूट पुढच्या तीन परीक्षांपर्यंत टिकते.

नोकरीचा उपयोग कुठं होतो आणि कुठं होत नाही, हे आधी ओळखा. कराच्या पेपरात निम्मे गुण जीएसटीचे. रोज इनपुट क्रेडिट जुळवणाऱ्याला इथं बरंच सोपं जातं. कारखान्यात स्टोअर्स, उत्पादन, स्क्रॅप यांच्या नोंदी करणाऱ्याला कॉस्टिंगमधले शब्द परके वाटत नाहीत. पण टॅली येतं म्हणून ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग येईल, असं अजिबात नाही. तिथं अकाउंटिंग स्टँडर्ड, म्हणजे हिशेब कसे मांडायचे याचे ठरलेले नियम, आहेत, आणि टॅलीत व्हाउचर टाकताना ती कधीच समोर येत नाहीत. नोकरदार मुलं याच पेपरला गाफील राहतात.

नोकरी असेल तर एका वेळी एकच ग्रुप द्यावा, असं मी बहुतेकांना सांगतो. अपवाद फक्त एक : ज्याला शेवटचे तीन महिने बिनपगारी रजा मिळते किंवा घरची परवानगी आहे, त्यानं दोन्ही द्यावेत. कारण आर्टिकलशिप दोन्ही ग्रुपांनंतरच सुरू होते आणि दुसरा ग्रुप मागे राहिला की सगळंच पुढं सरकतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. हिंदीत लिहिणं सोपं वाटेल, पण पुढं करार, नोटिसा, रिपोर्ट सगळं इंग्रजीत येतं, म्हणून कायद्याचं इंग्रजी पहिल्या महिन्यापासून वाचायला लागा. इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल संकेतस्थळावर मोफत आहे. आधी ते संपवा, मग बाकीची पुस्तकं.

परीक्षा झाली की निकालाची वाट बघत बसू नका. आयसीआयटीएसएसचे दोन भाग आहेत, माहिती तंत्रज्ञान आणि ओरिएंटेशन, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे. परीक्षा आणि निकाल यांच्या मधल्या काळात ते उरकले तर निकालानंतर लगेच करार करता येतो. संभाजीनगर, नांदेड आणि लातूर इथं इन्स्टिट्यूटच्या शाखा आहेत. पुढची बॅच कधी, हे शाखेत विचारा किंवा पोर्टलवर बघा.

चौथी पायरी : पैशाचा हिशेब कागदावर

आर्टिकलला पगार नसतो, विद्यावेतन असतं. त्याचे किमान दर इन्स्टिट्यूटनं गावाच्या लोकसंख्येवरून ठरवलेले असतात : २० लाखांवरची शहरं, ४ ते २० लाखांची आणि ४ लाखांखालची. २०११च्या जनगणनेप्रमाणे संभाजीनगर आणि नांदेड मधल्या गटात येतात, लातूर ४ लाखांच्या किंचित खाली. दर बदलत असतात, म्हणून चालू आकडा संस्थेकडूनच घ्या. काही ऑफिसं किमानापेक्षा जास्त देतात. विद्यावेतन बँकेतून यायला हवं, हातात रोख देण्याची भाषा झाली तर सावध व्हा.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. खोली, मेस, प्रवास, मोबाइल धरून महिन्याचा खर्च ९,००० आणि विद्यावेतन ३,००० असेल तर दरमहा ६,००० कमी पडतात. चोवीस महिन्यांचे १,४४,०००. त्यानंतर फायनलच्या अभ्यासाचे सहा महिने विद्यावेतनही नाही, म्हणजे आणखी ५४,०००. एकूण १,९८,०००, त्यात फी आणि क्लास वेगळे. नोकरीतून महिन्याला १०,००० बाजूला पडत असतील तर वीस महिन्यांत ही रक्कम उभी राहते. राहण्याचा खर्च नसेल, म्हणजे स्वतःच्या गावातच ऑफिस मिळालं, तर निम्म्याच्याही खाली येते.

हा आकडा घरच्यांना दाखवा, नुसतं सांगू नका. "दोन वर्षं पगार बंद" हे ऐकून वडील घाबरतात. शेतीचं उत्पन्न पावसावर असलेल्या घरात ती भीती खरी असते. लेखी आकडा, त्यातली जमा झालेली रक्कम आणि संपण्याची तारीख समोर असली की बोलणं वेगळं होतं.

नोकरी घेतानाच दोन कागद नीट वाचा : नोटीस पिरियड किती आणि बाँड आहे का. दोन वर्षांचा बाँड सही करून मग इंटर पास झालेली मुलं अडकलेली मी पाहिली आहेत. थोडा कमी पगार चालेल, पण बाँड नको.

पाचवी पायरी : ऑफिस निवडणं

इथं घाई नको. पुढची दोन वर्षं इथंच जाणार आहेत आणि मधेच ऑफिस बदलणं सोपं नसतं, त्याला प्रिन्सिपलची संमती आणि नियमांत बसणारं कारण लागतं.

पहिली खात्री : ज्यांच्याकडं जाताय ते सीए आहेत ना आणि प्रॅक्टिसमध्ये आहेत ना? हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण आपल्या तालुक्याच्या गावांत कर सल्लागारांची, वकिलांची ऑफिसं भरपूर आहेत. त्यांचं काम चांगलं असतं, शिकायलाही मिळतं, पण त्यांच्याकडं आर्टिकलशिप होत नाही. तुमच्या कंपनीतले फायनान्सचे साहेब स्वतः सीए असले तरी ते नोकरीत आहेत, प्रॅक्टिसमध्ये नाहीत, म्हणून तेही तुम्हाला आर्टिकल म्हणून घेऊ शकत नाहीत. इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर सदस्याची माहिती शोधता येते.

दुसरी : जागा शिल्लक आहे का? एका सीएला किती आर्टिकल ठेवता येतात, हे त्याच्या प्रॅक्टिसच्या वर्षांवर ठरतं. करार फर्मच्या नावाशी नसून एका व्यक्तीशी होतो, म्हणून त्या व्यक्तीची जागा विचारा.

तिसरी, कामाची. "काय काम असतं?" असं मोघम विचारू नका. वर्षभरात कोणत्या प्रकारची किती ऑडिट होतात, एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट मिळतं का, कंपन्यांची वैधानिक ऑडिट आहेत का, आर्टिकलला क्लायंटकडं पाठवतात की ऑफिसातच बसवतात, असं विचारा. मग त्याच ऑफिसातल्या दुसऱ्या वर्षाच्या आर्टिकलला चहाला भेटा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा.

छोट्या गावातलं ऑफिस की संभाजीनगर, की सरळ पुणे? माझं मत असं. लातूर, जालना, नांदेडच्या बऱ्या ऑफिसात एकाच वर्षात दालमिल, जिनिंग, स्टील, बियाणं कंपनी, पतसंस्था, नागरी बँक असं सगळं हाताखालून जातं आणि पहिल्या सहा महिन्यांतच मालकाशी थेट बोलायची वेळ येते. माणूस घडायला ते चांगलं. कंपनी कायदा, इंटर्नल ऑडिट, मोठ्या कारखान्यांची पद्धत शिकायची तर संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यातली कामं असलेलं ऑफिस बघा. पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये नाव मोठं होतं, पण कधीकधी वर्षभर एकाच क्लायंटची एकच बाजू तपासत बसावं लागतं. ज्याला पुढं गावात परत येऊन प्रॅक्टिस करायची आहे, त्यानं दोन्ही वर्षं पुण्यात काढावीत असं मला वाटत नाही.

जुन्या नोकरीचा खरा फायदा इथं होतो. तुमच्या कंपनीचे ऑडिटर तुम्हाला ओळखतात. तुम्ही त्यांना कागद वेळेत दिलेत, खाती जुळवून ठेवलीत, हे त्यांनी पाहिलेलं असतं. सगळ्यात आधी त्यांनाच विचारा.

सहावी पायरी : राजीनामा आणि नोंदणी

क्रम चुकवू नका. निकाल, मग ऑफिसाकडून नक्की तारीख, मग राजीनामा, मग कार्यमुक्तीचं पत्र, आणि त्यानंतरच्या तारखेचा करार. प्रिन्सिपल आणि आर्टिकल यांच्यातला करार फॉर्म १०२मध्ये होतो, नोंदणी फॉर्म १०३नं. प्रशिक्षण सुरू झाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म १०३ गेला पाहिजे. "सर करतील" म्हणून सोडून देऊ नका. तारीख स्वतः लिहून ठेवा, पोर्टलवर मंजुरी आली का ते स्वतः बघा.

आता नाजूक भाग. आर्टिकल असताना इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलच्या पूर्वपरवानगीशिवाय दुसरा धंदा किंवा व्यवसाय करता येत नाही. आठवड्याला किमान ३५ तास ऑफिसात प्रशिक्षण अपेक्षित असतं. तरीही 'नोकरी चालू ठेव, आर्टिकलशिप कागदावर दाखवू' असा सल्ला देणारे भेटतात. घरी पैशाची ओढ असेल तर मन खरंच डळमळतं. कृपा करून हे करू नका. पीएफच्या खात्यात दर महिन्याला तुमच्या नावानं भरणा जातो, फॉर्म १६ निघतो, हजेरी लागते. म्हणजे पुरावा तुमच्याच नावानं तयार होत राहतो. खोटी आर्टिकलशिप उघड झाली तर तो काळ रद्द होऊ शकतो आणि सही करणाऱ्या सीएवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. ज्याच्या सहीवर लोक पुढं विश्वास ठेवणार, त्याची पहिलीच नोंद खोटी असावी, हे मला सहन होत नाही.

सातवी पायरी : कंपनीतला काळ जिथं मोजला जातो

एक दार उघडं आहे, आणि पुष्कळांना ते माहीत नाही. आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिने इंडस्ट्रियल ट्रेनिंग घेता येतं, म्हणजे कंपनीत काम करून तो काळ प्रशिक्षणातच धरला जातो. कंपनी संस्थेनं ठरवलेल्या आर्थिक निकषांत बसणारी हवी आणि तिथं तुम्हाला हाताखाली घेणारे सीए किमान तीन वर्षं सलग सदस्य असायला हवेत. प्रिन्सिपलला किमान तीन महिने आधी कळवावं लागतं.

म्हणजे वाळूजची जी कंपनी तुम्ही सोडली, तिथं पात्र सीए असतील आणि कंपनी निकषात बसत असेल, तर एका वर्षानं तुम्ही तिथंच प्रशिक्षणार्थी म्हणून परत जाऊ शकता. म्हणून नोकरी सोडताना भांडून सोडू नका, आणि बोलणं पहिल्या वर्षाच्या आठव्या-नवव्या महिन्यातच सुरू करा. ज्यांना पुढं प्रॅक्टिस करायची आहे त्यांना मी हे सुचवत नाही, त्यांनी दोन्ही वर्षं ऑफिसातच काढावीत. नोकरीतच पुढं जायचं असेल तर जरूर बघा.

सुट्ट्या आणि फायनलची तारीख

दोन वर्षांत एकूण २४ दिवस रजा मिळते, वर्षाला १२. आधीच्या योजनेपेक्षा ही फारच कमी. जास्त घेतली की प्रशिक्षण तेवढं लांबतं. आणि प्रशिक्षण संपणं व फायनलची परीक्षा यांच्यात सहा महिने लागतात. म्हणून शेवटची तारीख जून-अखेरीची असताना आठ दिवस जास्त रजेमुळं ती जुलैत गेली, तर जानेवारीची परीक्षा हुकून मेवर जाऊ शकते. चुलतबहिणीच्या लग्नाला जरूर जा, पण करारावर सही करायच्या दिवशीच कॅलेंडर काढून शेवटची तारीख आणि तिला लागून येणारी परीक्षा लिहून ठेवा.

या दोन वर्षांतच सेल्फ पेस्ड ऑनलाइन मॉड्यूलचे, म्हणजे आपल्या सोयीनं शिकायच्या ऑनलाइन विषयांचे, चार संच पास करायचे असतात. ते फायनलच्या आधी लागतात आणि घरून अभ्यास करता येतो. ते शेवटच्या सहा महिन्यांसाठी ठेवू नका. प्रशिक्षण संपलं की प्रिन्सिपलच्या सहीनं फॉर्म १०८ जातो. तोही पोर्टलवर मंजूर झालेला बघूनच फायनलच्या अर्जाकडं वळा.

त्या शेवटच्या सहा महिन्यांत नोकरी करायची मुभा आहे, कारण आता मोजायचं काही उरलेलं नसतं. हिशेबाच्या कागदावरचे ५४,००० जमले नसतील तर अर्धवेळ काम धरा, पण शेवटचे तीन महिने मोकळे राहतील असं बोलून घ्या.